पाच-पाच, सर्व्हिस कॅप्टनची

९ ऑक्टोबर १९६२, मंगळवार

बैलाच्या पायांत बूट!

शपथेवर लिहितो. चारी पायांत. चामड्याचे, वर दोरी ओढून बांधलेले. मागे हा एवढा लोखंडी रोलर, खाली गवत — असलं गवत की वाटावं कुणीतरी विणलंय — आणि बैल चालतोय, पण पावलाचा आवाज नाही! देवळात चालावं तसा.

ज्या बहिणीकडे राहतो तिच्या नवऱ्यानं, भावजींनी, कारखान्यात मुलाखतीला धाडलं होतं. बस चुकली, कॅंटोनमेंटातून पायी निघालो, टेनिस क्लबच्या कुंपणापाशी हा बैल दिसला आणि संपलं. माळ्याला विचारलं, हे काय? देवाप्पा त्याचं नाव. म्हणाला, "खुरानं गवत फाटतं. पुढच्या आठवड्यात मॅच आहेत."

"म्हणजे बैलाला बूट आणि तुला?"

त्यानं स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघितलं. "मी रोलर ओढत नाही ना!"

मुलाखत राहिली.

१० ऑक्टोबर

पुन्हा गेलो. बैल बघायलाच. पण क्लबच्या सेक्रेटरींनी धरलं — हयवदनराव, पेन्शनर, ऊन असो नसो हातात छत्री. "कोण रे तू? काय पाहिजे?" तोंडातून निघून गेलं — पाट्या रंगवतो! खोटं नाही. हुबळीला सिनेमाचे बोर्ड रंगवलेच की. (मग नाटक कंपनी, मग मद्रास, मग — जाऊ दे.)

"सोन्याचा वर्ख लावता येतो?"

येतो. हेही खरंच.

आत हॉलमध्ये नेलं. बाप रे!

भिंतभर शिसवी बोर्ड, त्यावर सोन्याची नावं. १८९१ पासून दरसाल एक, कॅंटोनमेंट कप जिंकणाऱ्याचं. इंग्रजी मला दुकानांच्या पाट्यांपुरतं येतं, पण अक्षर कळतं. वर सगळे साहेब — कर्नल, मेजर, एक पाद्रीसुद्धा! पहिला लिहिणारा निवांत होता, शेपट्या काढायचा. दुसऱ्याला घरी जायची घाई. तिसऱ्यानं वर्खात चोरी केलीय, नावं काळी पडलीत. हे लिहिणारे कोण, कुठले, त्यांचं नाव कुठंच नाही.

१९१३ आणि १४ ला एकच साहेब. त्याखाली चार ओळी नुसतं 'नो प्ले'. पहिली लढाई.

"या साहेबाचं पुढं काय झालं?"

"मेसोपोटेमियाला गेला. आला नाही." हयवदनरावांनी असं सांगितलं की जणू गेल्या महिन्यातली गोष्ट.

मग पुन्हा साहेब, मग दुसऱ्या लढाईचं नो प्ले, आणि त्याखाली एकदम आपली माणसं! मी उगाच ताठ उभा राहिलो. तळाला एक ओळ मोकळी. एकच. त्याखाली चौकट.

"नवा बोर्ड पुढच्या वर्षी करू," ते म्हणाले. "ही ओळ तू लिही."

सत्तर वर्षांच्या खाली माझं अक्षर!

११ ऑक्टोबर

घरी बहीण, गोजराक्का: "मुलाखत?" मी: "बैल." तिला हसावं की रडावं कळेना. "रघुजी, तुझं एक तरी काम पुरं झालंय का रे जन्मात?" भावजींनी पेपर तोंडासमोर धरला. ते जास्त लागतं.

१४ ऑक्टोबर, रविवार

क्लबच्या पायरीवर एक माणूस बसला होता. कॅनव्हासच्या बुटांवर खडू घासत होता, शाळेतला खडू! चाळिशी उलटलेली, केस विरळ, पण पोटऱ्या — पिळलेला दोर. लेस तुटली तेव्हा "अय्यो, मेली!" म्हणाला. म्हटलं, तुम्ही आपले, मराठी?

"आपलेच. विद्याधर. चामराजपेटेत गणित शिकवतो. तू तो बोर्डवाला? माझं नाव कसं काढशील, दाखव बघू."

खडू घेतला, पायरीवर काढलं. इंग्रजीत, पहिल्या लिहिणाऱ्यासारखी शेपटी देऊन. मास्तर बघत राहिले. मग बुटानं पुसलं.

"आत्ता नको."

नंतर देवाप्पानं सांगितलं — मास्तर चार वेळा फायनलला पोचले, चारही वेळा हरले. हरणाऱ्याचं नाव बोर्डावर नसतं. शाळेत पोरं फळ्यावर लिहून ठेवतात, 'रनर-अप मास्तर'. ते पुसतात आणि त्याच फळ्यावर गणित मांडतात.

१८ ऑक्टोबर

मास्तर सेमी-फायनल जिंकले! मी खुर्च्या मांडायच्या सोडून पाहत बसलो.

गवतावरचं टेनिस पाहिलं नसेल त्याला कसं सांगावं? मातीवर चेंडू उसळतो, विचार करायला वेळ देतो. इथं टप्पा वाजत नाही. चेंडू घसरतो, सापासारखा खालून निघून जातो. आणि मास्तर तिथं आधीच उभे! पळताना दिसत नाहीत, पोचलेलेच दिसतात. दुसऱ्या बाजूनं कॅप्टन मोन्नप्पा जिंकला. कोडगूच्या डोंगराकडचा, पंचवीस-सव्वीसचा. त्याची सर्व्हिस म्हणजे तोफ. त्याच्या मुठीत चेंडू दिसतच नाही, एवढा पंजा.

शनिवारी दोघांची.

२० ऑक्टोबर, शनिवार

उशीर झालाय. तरी लिहितो.

सोन्याचं काम असं असतं — वर्ख लगेच बसत नाही. आधी चिकट वार्निशानं नाव काढायचं. ते दिसतच नाही, तिरकं पाहिलं तर ओलं चमकतं एवढंच. दोनेक तासांनी बोटाला ओढ लागली की वरून वर्ख. बक्षीस संध्याकाळी सातला, तेव्हा नाव सोन्यात हवं. म्हणजे मॅच संपायच्या आधीच नाव काढून ठेवायला हवं!

हयवदनराव म्हणाले, "कॅप्टनचं काढ. तरणा आहे. चुकलास तर टर्पेंटाइन आहे की."

सरी, बरं म्हटलं, आत गेलो, ब्रश बुडवला — आणि मास्तरांचं नाव काढलं. का, ते मला विचारू नये.

बाहेर आलो तर मास्तर दोन सेट मागे! पण मग — कसं सांगू — ते चेंडू जोरात मारेचनात. हळू, जाळ्याला चिकटून, असा टाकायचे की कॅप्टनला वाकावं लागायचं. उंच माणूस वाकून वाकून थकतो! तिसरा सेट मास्तरांचा. चौथाही. मी ओरडत होतो म्हणे, शेजारच्या बाईंनी छत्रीनं टोचलं.

पाचवा सेट. कॅप्टन पाच, मास्तर चार. मास्तरांची सर्व्हिस. त्या गेममध्ये दोघे बरोबरीत असताना मास्तरांचा चेंडू चुन्याच्या रेघेवर पडला. चुना उडालेला मी पाहिला! रेघेवरच्या पंचानं बाहेर दिला. म्हणजे कॅप्टनला आता एकच पॉइंट, की कप त्याचा. मास्तरांनी दुसरा चेंडू घेतला. पुढची सर्व्हिस केली, अगदी सोपी. आणि कॅप्टननं तो चेंडू मुद्दाम — सगळ्यांना दिसेल असा — जाळ्यात मारला.

मग टाळ्या. म्हातारे मेंबर उभे राहिले. जिंकता जिंकता माणूस असं करतो? हे कुठं शिकवतात?

पुढचे दोन पॉइंट मास्तरांचे, गेम त्यांचा. पाच-पाच. आता सलग दोन गेम घेईल तो जिंकला. पण अंधारलं, चेंडू दिसेना. उद्या सकाळी नऊला पुढं, कॅप्टनच्या सर्व्हिसवर.

बक्षीस राहिलं. घरी आलो तर भावजी रेडिओला कान लावून. चीननं हल्ला केलाय.

२१ ऑक्टोबर, रविवार

नऊला मास्तर कोर्टावर. बूट नव्यानं खडू लावलेले. कॅप्टन नाही. मग जीप आली. तो उतरला तो खाकीत.

"सर, मला निघायचंय. आजच. कप तुमचा."

"कप कुणाचा ते दोन गेमनंतर ठरेल. पाच-पाच आहे. सर्व्हिस तुमची."

"सर, किती दिवस लागतील माहीत नाही."

"मी कुठं जातोय? मला शाळा आहे."

कॅप्टन हसला. जाळ्यावरून हात मिळवला. मास्तरांचा हात त्या पंजात बुडाला.

२५ ऑक्टोबर

कमिटी बसली. नियमानं समोरचा आला नाही की कप मास्तरांचा. हयवदनराव मास्तरांना आनंदानं सांगायला आले — "लिहायचं का नाव?"

"नाही."

"अहो, चार वेळा हरलात!"

"म्हणूनच मला माहीत आहे जिंकणं कशाला म्हणतात ते."

"मग 'नो प्ले' लिहून टाकतो."

तेव्हा मास्तर चिडले, पहिल्यांदाच. "नो प्ले? मग शनिवारी दुपारभर आम्ही काय आट्यापाट्या खेळलो?"

ओळ मोकळीच.

४ नोव्हेंबर, रविवार

वार्निश पुसायचं विसरलो होतो!

हॉल दोन आठवडे बंद. आज खिडकी उघडली, ऊन तिरकं आत आलं, आणि शेवटच्या ओळीवर मास्तरांचं नाव. सोन्यात नाही — धुळीत. वार्निशावर धूळ बसून बसून अक्षर न् अक्षर उठलं होतं, शेपटीसकट. पुसणार तेवढ्यात दारात मास्तर.

किती वेळ उभे होते कोण जाणे. जवळ गेले. एक बोट वर केलं, लावलं नाही.

"तू?"

"हो, अण्णा."

"फायनलच्या आधी?"

"हो."

"अक्षर चांगलं आहे." मग — "पूस."

"स्वल्प, थोडा वेळ राहू दे की, अण्णा. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

वार्निश सुकलेलं, घासावं लागलं. टर्पेंटाइनचा डबा त्यांनी स्वतः धरला. शेवटचं अक्षर जाईपर्यंत. मी असा माणूस पाहिला नाही. हुबळीत नाही, मद्रासेत नाही.

२२ नोव्हेंबर

लढाई थांबली. कॅप्टनचा पत्ता नाही. पलटण कुठं होती तेसुद्धा कुणी सांगत नाही.

१३ जानेवारी १९६३, रविवार

क्लबची जागा मुळात लष्कराची. परत घेतली. कोर्टांवर तंबू लागलेत, नवी भरती कवायत करते. खिळ्यांचे बूट! त्या गवतावर! देवाप्पा तिकडं बघत नाही. बैल विकला, बैलाचे बूट खिळ्याला टांगलेत.

हयवदनरावांना विचारलं, नवा बोर्ड कधी? "कसला बोर्ड, रघुजी? कप बंद." छत्री उघडली आणि व्हरांड्यातूनच उघडी छत्री घेऊन गेले.

हॉलमागचं एक कोर्ट तेवढं उरलंय. हॉल पाडेपर्यंत. रविवारी मास्तर येतात, जाळं बांधतात, तासभर बसतात, जाळं सोडतात. बोर्डावरच्या त्या १९१३ च्या साहेबाकडे मी हल्ली बघत नाही.

हुबळीचा जुना सोबती मुंबईला बोलावतोय. सिनेमाचे बोर्ड, चार माणसं हाताखाली! मी म्हटलं, येतो, एक ओळ राहिलीय. अक्कानं ऐकलं. टोमणा येणार म्हणून थांबलो. नाही आला. ताटात भात जास्त पडला.

१० मार्च

कोर्टाचं गवत गुडघ्याला लागलं. देवाप्पाकडून विळा मागून घेतला. हाताला फोड. निम्मं झालं. उरलेलं उद्या — नाही, आजच.

२८ एप्रिल, रविवार

कॅप्टन जिवंत! चीनच्या कैदेत होता! सोडलं, आता इस्पितळात आहे. हयवदनराव छत्री न घेता पळत आले सांगायला.

मास्तरांनी ऐकलं आणि कॅनव्हासचे बूट पुढं ओढले. खडू मागितला.

९ जून, रविवार

पायरीवर बसून लिहितोय. वार्निशाचा डबा शेजारी, बंद. आज आधी काही काढणार नाही.

कॅप्टन आलाय. उजव्या हाताची बोटं बर्फात गेली. अंगठा राहिलाय. "सर, आता तरी कप घ्या."

"पाच-पाच," मास्तर म्हणाले. "सर्व्हिस तुमची."

कॅप्टननं रॅकेट डाव्या हातात धरली. चेंडू उजव्या तळव्यावर तोलला. पडला. पुन्हा तोलला.

पलीकडं मास्तर त्याच्याकडे बघतायत. आता त्यांनीही रॅकेट डाव्या हातात घेतली.