साकवाची फाईल

५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
तालुक्याचा मोठा साहेब झालास, ऊर भरून आला. लहानपणी दोन सदऱ्यांतला कुठला घालू म्हणून उघडा बसून राहणारा तू, आता एवढ्या गावांचे निर्णय घेणार!

पहिला निर्णय मीच सांगते. आमच्या दवाखान्यापुढे ओढ्यावर जो लाकडी साकव आहे, त्याची मधली फळी कुजली आहे. पोस्टमनकाका टपाल असलं की सायकल खांद्यावर घेऊन त्यावरून येतात. साकव बंद कर आणि दुरुस्त करून घे. तासाभराचा वळसा पडेल, पडू दे.
जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
सदऱ्याची गोष्ट इथल्या शिपायाला कळली तर माझी उरलीसुरली पत जाईल! आधीच्या साहेबांनी मला एकच गुरुमंत्र दिला: फाईलवर ‘चर्चा करावी’ लिहायचं, म्हणजे कुणी दुखावत नाही. साकव बंद केला तर लोक बोंब मारतील, चालू ठेवला तर तू. म्हणून रीतसर अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठव. बहिणीचं काम तोंडी केलं, असं व्हायला नको.
माया आहे तशी ठेव.
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
अर्ज दोनदा पाठवला. आधी फोटो नाही म्हणून तुझ्या कचेरीचं पत्र आलं, मग फोटोवर तारीख नाही म्हणून. दोन्ही पत्रं काकांनीच साकवावरून आणली. तुमच्या भावामुळे माझ्या फेऱ्या वाढल्या, असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, हे निदान नर्सला तरी शिकवू नकोस. तिसरा अर्ज सोबत आहे. एक ओळ लिही रे. लोकांच्या शिव्या मी खाईन.
वाट बघते.
ताई

१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तुझी चिठ्ठी मिळाली. काका मधल्या फळीतून खाली दगडांवर पडले आणि तुझ्या हातांत गेले, एवढंच तीत आहे. मला एक शिवीसुद्धा नाही.

त्यांच्या थैलीत माझंच पत्र होतं ना? शाई पसरून वाचता आलं नसेल तर सांगतो. ‘अर्ज पोचला. चर्चा करावी.’ तेवढ्यासाठी ते साकवावर चढले.

आज साकव बंद केला. एक ओळ आणि सही, अर्धं मिनिट लागलं. कुणीही बोंब मारली नाही. साहेब आता खरे साहेब झाले, असं हेडक्लार्क म्हणाले. मी दार लावून रडलो. ताई, मला काही सुचत नाही.
माया मागायला तोंड नाही.
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
आदेश मिळाला. आता टपाल आणायला कुणी नाही, म्हणून वळशानं चालत जाऊन पोस्टातून मीच आणला. सही छान ठसठशीत आहे.

तुझा रागही येत नाही, आतून सगळं विझलंय. काकांची बायको रोज दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसते. त्या दिवशी थैलीत एवढं काय महत्त्वाचं होतं, असं विचारते. मी अजून काही बोललेले नाही. ते तू येऊन सांग. साकव बंद आहे, वळशानं यावं लागेल.
मायेचं मग बघू.
ताई