स्क्रीन लावून देणारी

३ जून, सोमवार
एक जागा जाणार! साहेब चहाच्या मशीनपाशी फोनवर बोलत होते — "जूनअखेर ठरवावंच लागेल, नाहीतर विषय पुढच्या वर्षावर जाईल." कोणाची जागा? सांगायला ज्योतिषी नको. ऑफिसात टायपिस्ट मी एकटीच, आणि हल्ली साहेबसुद्धा आपलं आपण टाइप करतात. बावीस वर्षं या खोक्यांच्या कारखान्याची पत्रं बडवली, आता मलाच खोक्यात घालून घरी पाठवा!
लेकीला बोलले नाही. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष.

४ जून, मंगळवार
मीटिंगमध्ये साहेबांचा लॅपटॉप जोडला, तर मोठी स्क्रीन काळीठिक्कर. चार इंजिनिअर नुसते वायरीकडे बघत उभे! मी पाण्याच्या बाटल्या ठेवायला गेले होते. रिमोट घेतला, एक नंबरवरून दोनवर नेलं — चित्र हजर. (लेकीची शिकवण. घरी टीव्हीला असंच जोडते.) साहेब म्हणाले, "तुम्ही नसता तर आमचं काही खरं नव्हतं!"
मी नसते तर... घरी येईपर्यंत हेच डोक्यात.

१० जून, सोमवार
आज एक पाप केलं. जेवणाच्या सुट्टीत मोठ्या स्क्रीनची वायर दोन नंबरच्या भोकातून काढून तीन नंबरला खोचली.

११ जून, मंगळवार
दहा मिनिटं घामाघूम झाले सगळे! मग "बाईंना बोलवा!" मी आधी हातातलं पत्र सावकाश पुरं केलं. गेले, वायर फुंकली, "सिग्नल जात नाहीये" असं गंभीरपणे पुटपुटले. नाटकातच जायला हवं होतं मी!
चित्र आलं, सगळे हसले. एकट्या छडीबाई हसल्या नाहीत. म्हणजे आमच्या रेकॉर्ड विभागाच्या प्रमुख. नाव मी ठेवलंय, या वहीबाहेर कोणाला ठाऊक नाही. तीस वर्षं फाइली सांभाळतात आणि सगळ्यांच्या हजेरीवर डोळा ठेवतात. "फार कळतं हो तुम्हाला," म्हणाल्या. मेली! साहेबांचे कान हीच भरत असणार.

१३ जून, गुरुवार
आता लॅपटॉप आधीच माझ्याकडे देतात. मी दोन्ही स्क्रीन जोडून एकच लांबलचक करून ठेवली. साहेब ओरडले, "अहो, माझा बाण कुठे गेला?" बाण मागे भिंतीवरच्या स्क्रीनवर हिंडतोय आणि साहेब लॅपटॉपवर शोधतायत! हसू दाबून पोटात दुखलं.

१८ जून, मंगळवार
आज मी काही केलं नव्हतं. शप्पथ! तरी स्क्रीन काळी. वायरच गायब! शेवटी टेबलाच्या खणात मिळाली, पण तोवर वेळ संपली. 'मनुष्यबळ' हा विषय राहिला. साहेब म्हणाले, "पुढच्या मंगळवारी पहिला हाच. जूनमधली शेवटची मीटिंग आहे."
माझ्यावर कडी करणारं कोण निघालं?

२४ जून, सोमवार
पकडलं! छडीबाई! टेबलाखाली गुडघ्यांवर, आणि वायर पर्समध्ये कोंबतायत. मला बघून दचकल्या. "कानातलं पडलंय," म्हणाल्या. दोन्ही कानांत कानातली होती!
सगळा डाव कळला. साहेबांनी आजच मला बजावलं होतं, "उद्या स्क्रीन तुमच्या भरवशावर." ऐनवेळी मला तोंडघशी पाडायचं, म्हणजे जागा माझीच जाणार. असं काय! घरच्या टीव्हीची वायर काढून पर्समध्ये टाकली. लेक ओरडली, ओरडू दे.

२५ जून, मंगळवार
अर्ध्या मिनिटात लावली. टाळ्या पडल्या. मी मान ताठ करून छडीबाईंकडे बघितलं. त्या टेबलाकडे बघत होत्या. मग पहिलं पान उघडलं — ‘रेकॉर्ड विभागप्रमुख : पद रद्द.’ कागद त्यांच्याच विभागातून गेला होता, त्यांना आधीपासून माहीत होतं. साहेबांनी विचारलं, "मागे सगळ्यांना दिसतंय ना?" छडीबाईच म्हणाल्या, "दिसतंय. छान लावलीय त्यांनी."