काकूंना न पोचलेली पट्टी

गुरुजी, परवा पाच विद्यार्थ्यांना घेऊन वेल्ह्याकडच्या एका वाडीत गेलो होतो. भोरला मी हल्ली गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांना शिकवतो. परीक्षा दिलेली मुलं, सूर पक्के. पण लोकांत बसून लोकांना गातं कसं करायचं, हे त्यांना ठाऊक नसतं. देवळात आमच्यातली एक मुलगी सुरेख गायली. बाया ऐकत राहिल्या. मग एक म्हातारी म्हणाली, "लई ग्वाड गळा हाय बाय तुजा, पर आमी काय निसतं टाळ धरून बसायचं व्हय?" सगळ्या हसल्या. मुलगी ओशाळली. मी तिला पट्टी उतरवायला सांगितली, आणि तिसऱ्या ओळीला सगळं देऊळ गाऊ लागलं.

उत्रोलीतला तुमचा ओटा आठवला. मी सतरा वर्षांचा आहे, झेपेल तितकी उंच पट्टी धरून गातोय, आणि तुम्ही भाताच्या खाचरातून तसेच येऊन चिखलाच्या हातानं पेटीचा भाता दाबून धरता. "पेटी तुजी आसंल, पट्टी गावाची आसती. म्हाताऱ्याकोताऱ्यांचा गळा बग आदी. देव काय बहिरा न्हाई, एवढं वर चडायला."

तुमच्या तेराव्याच्या भजनाला पेटी माझ्याकडे होती. तुमचा आवडता अभंग आपण स्वतः म्हणणार, असं तुमच्यासोबत जन्म काढलेल्या काकूंनी आदल्या दिवशी मला सांगून ठेवलं होतं. पण शहरातली जाणकार मंडळी आली होती, आणि मी माझी पट्टी धरली. काकूंनी पहिली ओळ घेतली, आवाज पोचला नाही. पुन्हा घेतली. मग पदर तोंडाला लावून त्या गप्प बसल्या. लोकांना वाटलं, हुंदका आला. मला खरं कारण कळलं होतं. पट्टी उतरवायला एक क्षण पुरला असता. मी अभंग एकट्यानं पुरा केला, लोकांनी माना डोलावल्या. त्यानंतर काकू नऊ वर्षं होत्या. दर एकादशीला त्यांच्याकडे जायचो, त्या चहा द्यायच्या. विषय दोघांनीही काढला नाही.

या कागदाला पत्ता नाही. असता तर बहुधा लिहिलंच नसतं. वाडीतून परतताना टेम्पोत मुलांना ही सगळी हकिकत सांगितली, अगदी पदरासकट. एकीनं विचारलं, "सर, तो पेटीवाला कोण हो?"

"होता एक," मी म्हणालो, "आमच्या वेळचा."