ओल्या पुठ्ठ्याचा वास

काका,

ती बाटली मला बिलाप्रमाणे बावन्न पौंडांना पडली. ड्यूटी, व्हॅट आणि स्लाऊहून मिल्टन कीन्सपर्यंतचं व्हॅनचं डिझेल धरलं तर साठाच्या थोडी वर. एवढा हिशेब मला झोपेतही येतो. पण तिच्यापायी एका सत्तावीस वर्षांच्या मुलीचा स्वतःच्या नाकावरचा विश्वास गेला. तो मी घालवला, हसत हसत, चाळीस माणसांसमोर. ते कुठं मांडायचं हे कळेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी असली गोष्ट सांगायला दुसरं माणूस आठवलं नाही.

आधी माझं सांगतो. मला वास येत नाही. कोविडच्या आजारात गेला तो गेलाच. पहिले काही महिने वाटलं, येईल परत. मग मधूनच जळक्या रबराचा यायचा, कुठंच काही जळत नसताना. आता तोही येत नाही. जिभेला आंबट, गोड, कडू, तुरट तेवढं कळतं, बाकी सगळं कोमट पाणी. तीन वर्षं झाली, काका, आणि या तीन वर्षांत मी वाइन विकत घेतोय, विकतोय, लोकांना शिकवतोय, आणि या आठवड्यापर्यंत एकालाही पत्ता लागू दिला नव्हता. ही फुशारकी वाटेल तुम्हाला. थोडी आहेच. सगळं कानांवर चाललंय. वाइनमध्ये आंबटपणा जास्त असला की माणूस घोट घेतल्यावर दातांच्या फटीतून हवा आत ओढतो. तुरट असली की जीभ टाळूला चिकटून सुटते, त्याचा बारीक आवाज होतो. आणि वाइन खरोखर चांगली असली की टेबलावरची माणसं दोन क्षण बोलायची थांबतात. हे ऐकायचं, कोण काय पुटपुटतंय ते टिपायचं, आणि तेच जरा मोठ्या शब्दांत परत करायचं. लोक म्हणतात, सरांचं नाक म्हणजे नाक!

तुम्ही हे कधीच ओळखलं असतं. ओळखलं होतंच.

क्रॉयडनच्या त्या हॉटेलात मी ग्लास धुवायला लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, कॉलेजची फी अर्धी भरलेली, आणि किचनमध्ये मराठीत शिवी ऐकू आली म्हणून वळून पाहिलं तर तुम्ही. काळा कोट, बो टाय, आणि कॉलरच्या आत तुळशीची माळ. जहाजावर स्टुअर्ड म्हणून आलेला सिंधुदुर्गातला माळकरी माणूस इथं वाइन वेटर होतो आणि उभ्या आयुष्यात थेंब जिभेवर घेत नाही, हे आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तुम्ही बूच काढायचा, हुंगायचा, ग्लासात बोटभर ओतून नाक आत घालायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, सर, हिला वीस मिनिटं द्या. शेफ चिडवायचा, "बिन टाळूचा वाइन वेटर!" तुम्ही म्हणायचा, "टाळू गिऱ्हाइकाची. नाक माझं."

फ्रान्समधली बरगंडी तुम्ही मला मेन्यूच्या पाठीवर शिकवली. लंच संपलेला असतो, रेस्टॉरंट रिकामं, खिडकीखालून ट्राम जाते आणि तुम्ही पेन्सिलीनं एक डोंगर काढता. पायथ्याशी रस्ता. "रस्त्याच्या पलीकडं सपाटी, तिथली वाइन नुसती बरगंडी. अलीकडं आलं की गावाचं नाव लागतं. चढ लागला की गावाच्या नावाला शेताचं नाव जोडतात, ती प्रीमिए क्रू. आणि चढाच्या मध्यावर, जिथं पाणी थांबत नाही आणि सकाळचं ऊन पहिलं पडतं, तिथं ग्रँड क्रू. तिच्या लेबलवर गावसुद्धा नसतं, नुसतं शेताचं नाव. समजलं?" मी म्हटलं, आणि बोर्डोमध्ये? "तिथं घराण्याला मान. दलालांनी बसून कुणाची वाइन कितीला जाते ते पाहिलं आणि यादी केली, तीच दीडशे वर्षं चालू. घराण्यानं शेजारचं रान विकत घेतलं तर तेही खानदानी झालं! इथं तसं नाही. इथं मान जमिनीच्या तुकड्याला, त्याच्या गुणाला, म्हणजे टेरवारला. मालक कोणी का असेना."

मठातल्या साधूंनी शतकं घालवून कुठल्या वाफ्यातली द्राक्षं कशी उतरतात ते टिपलं आणि वेगळ्या शेतांना दगडी कुंपणं घातली, हेही तुमच्याकडूनच कळलं. सहाशे वर्षांपूर्वी तिथल्या सरदारानं गामे नावाचं भरघोस पीक देणारं द्राक्ष उपटून टाकायचा हुकूम काढला आणि लाल वाइनला पिनो न्वार तेवढं ठेवलं, ही गोष्ट सांगताना तुम्ही त्या गामेची बाजू घ्यायचा. "गरिबाचं द्राक्ष होतं रे. भरपूर लागायचं, लवकर पिकायचं. पण दरबाराला नको होतं." पांढऱ्यासाठी शार्दोने, आणि आठवड्याच्या मधल्या वारी प्यायला आलिगोते. मग क्रांती झाली, मठांची शेतं लिलावात गेली, आणि कायदा आला की बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची. इथं आलात की तुम्हाला हसू आवरायचं नाही. "एक कुंपण, आत सव्वाशे एकर, आणि मालक ऐंशी! कुणाच्या दोन ओळी, कुणाच्या चार. आमच्याकडं एका फणसाला सोळा वारस, तेव्हा मला वाटायचं आम्हीच वेडे." आणि लगेच गंभीर व्हायचा. "म्हणून लेबलवर भरवसा ठेवू नको. शेत तेच, पण ऐंशी जणांच्या ऐंशी तऱ्हा. आणि बूच खराब निघालं तर ग्रँड क्रूही मेली. शेवटी ग्लासात नाक घालावंच लागतं."

तुमच्या घरच्या स्वयंपाकघरातली ती रविवारची शाळा. काकू पोळ्या लाटतायत, मी डोळ्यांवर टॉवेल बांधून बसलोय आणि तुम्ही एकेक डबी नाकाखाली धरता. आमसूल. उकडलेलं बीट. जुन्या चपलेचं चामडं. काळं मिरं. पावसात भिजलेला पुठ्ठा, तुम्ही मुद्दाम बाल्कनीत भिजत ठेवलेला. "हा वास आला की बाटली परत. खराब बुचाचा वास हा. मालक म्हणो, शेफ म्हणो, गिऱ्हाईक म्हणो, परत." मी चार रविवार एकही चुकलो नाही. काकू खूश, "मुलाचं नाक आहे हो!" पाचव्या रविवारी तुम्ही सगळ्या झाकणांची अदलाबदल केली आणि मी बारापैकी तीन ओळखले. तुम्ही टॉवेल सोडला. "मेल्या, तू वास घेत नाहीस. झाकणं ऐकतोस." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. "कान चांगले आहेत तुझे. धंदा करशील. पण तुझ्या जिवावर कुणी ग्लास उचलला तर त्याच्याआधी तुला कळलं पाहिजे, त्याच्यानंतर नाही."

पुढं मी नाक कमावलं. खरंच कमावलं, काका, ते खोटं नाही. स्लाऊला वेअरहाउस झालं, क्रॉयडनला दुकान झालं. आणि आठ महिन्यांपूर्वी ही मुलगी आली. पुण्याची, आयटी सोडून वाइन शिकायला निघालेली, आईवडिलांनी बोलणं टाकलेलं. तिचं नाक तुमच्यासारखं. बाटली उघडायच्या आधी ती टेबलापासून दोन पावलं मागं सरते, आधीचे वास जाऊ देते, मग पुढं येते. मी तिला तुमचा मेन्यूचा कागद दाखवला तर तिनं तो हातात घ्यायच्या आधी हात पुसले.

गेल्या शनिवारी दुपारी मिल्टन कीन्सला कम्युनिटी सेंटरमध्ये बरगंडीची ओळख होती. सगळी आपली मंडळी, बहुतेक आयटीतली, दोन-तीन डॉक्टर कुटुंबं. छान रंगलं होतं. एकानं विचारलं, "सर, म्हणजे व्हिलेज इज इकॉनॉमी, प्रीमिए क्रू बिझनेस, आणि ग्रँड क्रू फर्स्ट क्लास, राइट?" मी म्हटलं, "सीट तुम्हाला अपग्रेड करून मिळते हो, डोंगराचा उतार कोण अपग्रेड करणार?" हशा झाला. चौथी बाटली प्रीमिए क्रू होती. तासाभरापूर्वी सगळ्यांदेखत मी स्वतः बूच काढलं होतं, हुंगलं होतं, डोळे मिटून मान डोलावली होती. पहिल्या रांगेत घोट-घोट ओतून झालं आणि ती मुलगी माझ्या मागून हळूच म्हणाली, "सर, पुढं ओतू नका. कॉर्क्ड आहे, पुठ्ठा येतोय." मी ग्लास नाकाशी नेला. काचेचा गारवा तेवढा लागला. स्पेअर बाटली मागच्या टेबलावर होती. फक्त "थँक यू, दुसरी उघड" म्हणायचं होतं. पण मग कुणीतरी विचारलंच असतं, सर, मघाशी तुम्हाला नाही आला वास? तेवढ्यात पहिल्या रांगेतले रिटायर झालेले सर्जन म्हणाले, "वा! अर्दी, अगदी ओली माती. व्हेरी अर्दी. धिस इज द रिअल थिंग." ते कानावर पडलं आणि मला पाय टेकायला जमीन मिळाली. मी माइकमध्ये म्हणालो, "आमच्या मॅडमना ही बाटली खराब वाटतेय. मंडळी, पुण्यात आता सगळं सिमेंट. ओली माती कशी असते हे या पिढीला कुठून कळणार?" केवढे हसले लोक. आणि मग चाळीसच्या चाळीस जणांना माती लागली. एक बाई म्हणाल्या, आजोळची आठवण आली. ती मुलगी खाली बघत ग्लास पुसत राहिली. ती वाद घालणार नाही हे मला ठाऊक होतं. तिचा व्हिसा माझ्या कंपनीच्या नावावर आहे, आणि हा विचार माझ्या मनात आधी आला, मग बोललो. हे तुमच्यापासून लपवत नाही.

परत येताना राउंडअबाउटमागून राउंडअबाउट गेले. मोटरवेला लागल्यावर ती म्हणाली, "सर, मला अजून तो पुठ्ठाच येतोय. म्हणजे माझ्याच नाकात काहीतरी आहे ना?"

मी म्हटलं, "होतं असं. डिप्लोमाच्या एक्झामचं टेन्शन."

तळाशी उरलेली वाइन बाटलीसकट मी क्रॉयडनला नेली. तिथला एक जुना गोरा दुकानदार, वीस वर्षं माझी गिऱ्हाइकं पळवणारा. त्यानं ग्लास छातीपर्यंतही उचलला नाही. "मेट, हे काय आणलंस? मेलीय ही. सिंकमध्ये ओत." सोमवारी मुलीची मेल आली. डिप्लोमाच्या परीक्षेतून नाव काढून घेतेय, शुक्रवारपर्यंत मुदत आहे. "बेसिक फॉल्ट आणि टेरवार यातला फरक मला कळत नसेल तर मी या ट्रेडमध्ये नसावं, असं वाटतं. तुम्ही वेळ दिलात त्याबद्दल आभार." त्या आठवड्यात तिनं वेअरहाउसमध्ये एकही बाटली हुंगली नाही. ऑर्डरी टाइप करत बसायची.

गुरुवारी लंचला मी तिला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. लोडिंग बेजवळ उभं राहून, सगळं.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. पण तू सांगितलंस ते खरं असणार हे माहीत होतं."

"ते जास्त वाईट आहे, सर." ती ट्रकांकडे वळली. "सॉरी नको. चाळीसही लोकांना मेल करा. माझं नाव घालून. का चुकलं तेही लिहा."

"ते लिहिलं तर उद्यापासून माझ्याकडं कोण शिकायला येईल?"

"ते मी नाही सांगू शकत," ती म्हणाली. "परीक्षा मी देतेय. तुमच्याकडं राहायचं की नाही ते नंतर बघेन."

आज सकाळी मेल गेली. सर्जनसाहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं, की तरीही त्यांना माती लागली होती. बाकी कुणाचं काही नाही, आणि या असल्या शांततेतून मला काही ऐकू येत नाही. हे पत्र मात्र कुठं जाणार नाही. काकू अजून त्याच फ्लॅटमध्ये आहेत, तुमच्या फोटोशेजारी ठेवा म्हणून देता आलं असतं. पण त्या आल्यागेल्याला सांगतात, यांनी घडवलेला मुलगा, काय नाक आहे त्याचं! त्यांच्यासमोर अजून मी ते खोडलेलं नाही.

दुपारी वेअरहाउसमधल्या चौघांना एकत्र बोलावलं. म्हटलं, बाहेरून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं. सांगून झालं. कुणी चकित झालं नाही. सगळे बुटांकडं बघत होते. शेवटी आमचा ड्रायव्हर, स्लाऊमध्येच जन्मलेला पंजाबी, म्हणाला, "बॉस, पता है. दो साल से पता है." किचनच्या फ्रिजमधलं दूध एकदा खराब झालं होतं, सगळ्या खोलीत वास सुटला होता, आणि मी तेच चहात घालून, बिस्किट बुडवून, कप संपवला होता. तेव्हापासून मी यायच्या आधी कुणीतरी एक जण रोज सकाळी दूध हुंगून ठेवतो.