वैनी उपाशी गेल्या त्याबद्दल

सक्करदरा, नागपूर
भाद्रपद वद्य प्रतिपदा, १९७४

तीर्थस्वरूप सौ. रुखमावैनींच्या पायांवर डोकं ठेवून प्रेमिलाचा नमस्कार.

इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे होतो तसेच. नानाजी भासऱ्यांचे गुडघे काय म्हणतात? धानाला पाणी पुरलं का? आणि तुमची म्हैस व्याली का? (म्हशीचं मुद्दाम विचारते आहे. पुढे कळेल.)

वैनी, तुमच्या हातून आता होत नाही म्हणून नानाजींनी यंदा महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांची पेटी यांच्या मांडीवर ठेवली, तेव्हा तुमचे दीर ढसाढसा रडले. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, माणूस विरघळला. कशाचं काय! दुसऱ्या दिवसापासून घरात खापरखेड्याचं वीजघरच सुरू झालं. (तिथे यांच्या पाळीत एक बटण चुकलं तर अर्धं नागपूर अंधारात जाईल, असं हे सांगतात. मला खरं वाटत नाही, पण मी बोलत नाही.) सोळा भाज्या चिरायची पाळी वेगळी, आंबील ढवळायची वेगळी, आणि सोवळ्याच्या रेषेवर हे स्वतः पहाऱ्याला. शेजारच्या यमुताई दारातूनच म्हणाल्या, "काहून वं प्रेमिला, पाहुणे जेवाले येऊन राहिले का परीक्षेले?"

माझं तर मत झालं आहे की देवी तीच असते, पण माणूस तिच्यापुढे आपला स्वभाव घेऊनच बसतो. कुहीत तुमच्याकडे पुरण करपलं की तुम्ही धाकटीला, कनिष्ठेला म्हणायच्या, "बाई, आज चालवून घे वं, लाकडं ओली होती." ती घेतही असावी, कारण तुमच्या पंगतीतून उठायला कोणी तयार नसे. यांना देवी म्हणजे तपासणीला आलेली मोठी साहेबीण. आणि मी जन्माची भित्री. मला दोघींच्या डोळ्याला डोळा भिडवायची छाती होत नाही, जे मागायचं ते निऱ्यांकडे पाहून मागते.

जेवणाच्या दिवशी तुम्ही अंबाडीची भाजी घेऊन बसनं आलात. आल्या आल्या तुम्हाला दिसलं की कनिष्ठेचा पदर घसरतो आहे. तो मला सकाळपासून दिसत होता, पण हात लावायची हिंमत कोणाची? तुम्ही पुढे झालात आणि हे सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले, "वैनी, बसमधून आल्या, आधी आंघोळ!" तुमचा हात तसाच मागे गेला. तुम्ही हसलात आणि "आलीच" म्हणून मोरीकडे गेलात. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. नाही ओरडले, मेली माझी जीभ!

मग नैवेद्य दाखवला. देवींनी निवांत जेवावं म्हणून दार लावलं आणि हे मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत दाराशी उभे राहिले, माशीसुद्धा आत जाणार नाही असे. आतून थोडा आवाज आला. यांनी मला खुणेनं सांगितलं, जेवताहेत! (डोळे भरून आले होते हो त्यांचे, खोटं नाही सांगत.) दार उघडलं तर यमुताईंचं मांजर कनिष्ठेच्या खाली आलेल्या पदरावर बसून पुरणपोळी संपवत होतं. ते शांतपणे यांच्या पायांमधून निघून गेलं. मांजराला आंघोळीचं कोणी विचारलं नाही, वैनी.

पाहुणे हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "नैवेद्य दुसरा करा, आणि वैनीले बोलवा. पदर त्याच लावतील." मी मोरीत गेले तर बादली भरलेली तशीच, आणि मागचं दार उघडं. धुणं धुणाऱ्या देवकीनं सांगितलं, "म्हैस व्यायला झाली म्हणून त्या घाईनं बसवर गेल्या." वैनी, तुमच्याकडे म्हैस कधी होती?

मला यांचा राग आला. तुमचाही आला, लहान तोंडी मोठा घास झाला तरी चालेल. जिनं महालक्ष्म्यांना इतकी वर्षं जेवू घातलं, तीच त्यांच्या दिवशी घरातून उपाशी गेली. यापेक्षा मोठं ओवळं कोणतं?

तेव्हापासून हे कोणाला रागावत नाहीत. पानावर बसतात, घास उचलतात आणि विचारतात, "वैनी घरी पोचून जेवल्या असतील का वं?" आठ दिवस झाले, वैनी! आठ दिवसांत माणूस जेवल्याशिवाय राहतो का? पण हे घास खाली ठेवतात, आणि मग माझ्याही घशाखाली उतरत नाही.

नानाजींना नमस्कार.
तुमची धाकटी जाऊ,
प्रेमिला

ता. क. पत्र नुसतं खुशालीसाठी लिहिलं आहे, बोलावण्यासाठी नाही. पण रविवारी मी पुरण घालते आहे, आणि सकाळी कुहीहून गाडी असते.

ता. क. दुसरा. यांना न विचारता लिहिलं आहे. पाकीट मात्र चिकटवलेलं नाही, आणि टपालपेटीत टाकायला यांच्याकडेच दिलं आहे.

ता. क. तिसरा. सौ. वहिनींस सा. न. पत्र वाचले. आंघोळीचे मी बोललो ते शास्त्राप्रमाणे बरोबर होते. मांजराचेही खरे आहे. रविवारी मी बसस्टँडवर उभा राहीन. तुम्ही जेवल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही. हा नियम आहे, मोडता येत नाही. — रुपराव