तोमोचा आकडा आणि आमच्या उलट्या टाळ्या

मित्सुयो वन्सं यांस,

मागच्या मंगळवारी सकाळी मी न्हाणीघरातला बायकांच्या बाजूचा मोठा हौद घासत होते. गुडघ्यांखाली दुमडलेलं पोतं, हातात काथ्याचा कुंचा, आणि निम्मा तळ अजून बुळबुळीतच होता. तेवढ्यात कुराता न्हावी बाहेरून ओरडला, "वहिनी, पोरगा मैदानात उतरला, घासणं सोडा." मी सोडलं नाही. अर्धवट घासलेला हौद म्हणजे अर्धवट केलेली दाढी, एवढं तरी न्हाव्याला कळायला हवं.

(पण हे मी मधूनच काय सुरू केलं. आधी नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? यजमानांचा खोकला उतरला का? संत्र्यांची फुलं गळून आता बारीक फळ धरलं असेल, तेव्हा तुम्ही दिवसभर शिडीवर असणार आणि हे पत्र रात्री डोळे मिटत वाचणार. म्हणून अक्षर मोठं काढते आहे. मी बरी आहे, गुडघे सोडून.)

तुमचं पत्र मिळालं. इथल्या बेसबॉल क्लबचे गृहस्थ लाकडी पेटीतलं खरबूज घेऊन होडीने तुमच्या बेटावर आले, चटईवर गुडघे दुमडून बसले, आणि तोमोने अमेरिका सोडून परत यावं, आम्ही जागा राखून ठेवतो, असं म्हणाले. तोमो त्यांना म्हणाला आहे, आई म्हणेल तसं. आता तुम्ही मला विचारता, वहिनी, खरं सांगा, पोराचं तिकडे जमतंय की नाही, कारण महिनाअखेरीला मला त्याला 'ये' किंवा 'राहा' सांगायचं आहे. पेपरवाल्यांवर तुमचा विश्वास नाही. तोमो फोनवर "बरं आहे" यापुढे जात नाही. आणि तुम्ही स्वतः सामना बघत नाही, कारण तुम्ही बघितलं की त्याला मार पडतो. (हे मी मानत नाही. पण तुम्ही बघू नका.) मी फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही रडता आणि मी ओरडते, मग दोघींना काहीच ऐकू येत नाही. शिवाय मला जे सांगायचं आहे त्यात आमची सगळ्यांची लाज आहे, आणि लाज कागदावर जरा कमी दिसते.

तर ऐका. तिकडची रात्र ती आपली सकाळ. आपलं न्हाणीघर गिऱ्हाइकांना दुपारी उघडतं, पण एप्रिलपासून तोमो चेंडू टाकणार असेल त्या दिवशी मी सकाळीच दार उघडते. हौदात पाणी नसतं, तरी मंडळी अंगावर टॉवेल टाकून येतात, सवयीने. कुराता येतो, दुकान बंद ठेवून. हामानाका कप्तान येतात, ज्यांनी जन्मभर तुमच्या बेटाची होडी चालवली आणि आता निवृत्त झाल्यावर सगळ्या इमाबारी गावाचं सुकाणू हातात घेतलं आहे. तोफूवाली ओतोकी येते, ती सामन्यासाठी नाही, कप्तानांना टोचायला. बाहेरच्या खोलीतला टीव्ही तुम्हाला आठवत असेल. त्याचा आवाज वाफेने कायमचा गेला आहे, चित्र तेवढं आहे. त्यामुळे सामना मुका असतो आणि बोलायचं काम आमच्या मंडळींकडे येतं, जे त्यांनी आनंदाने उचललं आहे.

बेसबॉल आपल्याला कळत नाही असं तुम्ही अभिमानाने सांगता, म्हणून इतकंच लक्षात घ्या. तोमोने टाकलेला चेंडू नीट पडला किंवा फलंदाज चुकला तर तो स्ट्राइक, तोमोच्या बाजूचा. असे तीन झाले की फलंदाज घरी. चेंडू भरकटला तर तो बॉल, तोमोच्या विरुद्ध. असे चार झाले की फलंदाज फुकटात पहिल्या तळावर. आपल्याकडे पंच आधी स्ट्राइक सांगतो, मग बॉल. 'दोन-एक' म्हणजे दोन स्ट्राइक, एक बॉल, पोरगा पुढे आहे, पाय सोडून बसा. हे आपल्याकडच्या शेंबड्या पोराला माहीत असतं. टीव्हीच्या कोपऱ्यात अमेरिकावाले हाच आकडा दाखवतात. आमची मंडळी तो आकडा बघायची आणि त्याप्रमाणे टाळ्या वाजवायची किंवा कपाळाला हात लावायची.

आता गंमत बघा. 'दोन-एक' आला की आम्ही टाळ्या वाजवायचो आणि पुढच्याच चेंडूवर तोमो मार खायचा. 'एक-दोन' आला की ओतोकी म्हणायची, "गेला बिचारा," आणि बिचारा फलंदाजाला घरी पाठवायचा. एकदा नाही, एप्रिलभर. मग कप्तानांनी सिद्धांत मांडला. पोरगा पुढे असला की ढिला पडतो आणि मागे पडला की पेटतो. कुराताने तो सिद्धांत वस्तऱ्याखाली आलेल्या प्रत्येक डोक्याला सांगितला. देवळातले भिक्षू ओशो यांनी त्यावर शनिवारचं प्रवचन केलं, सुखात मन झोपतं आणि संकटात जागं होतं, बघा आपला तोमो. (प्रवचन चांगलं झालं. दोन बायका रडल्या, त्यात एक मी.) मधूनच पडद्यावर 'तीन-दोन' यायचा, म्हणजे आपल्या हिशेबाने तीन स्ट्राइक होऊनही फलंदाज उभाच. त्यावर कुराता म्हणाला, "मोठा देश आहे. तिसरा स्ट्राइक पंचाला आवडला नाही तर धरत नसतील." आणि आम्ही माना डोलावल्या.

या सिद्धांताला मुळंही सापडली. कप्तान म्हणाले, "हा थेट मामावर गेला आहे." शोगीच्या पटावर तुमचे दादा कसे, ते तुम्हाला माहीतच आहे. समोरच्याचा राजा कोंडून झाला की हे चहा मागवायचे, आणि चहा येईपर्यंत हरलेले असायचे. कुराताला एक डाव आठवला, कप्तानांना तीन. मग भट्टीच्या मागच्या भिंतीवर दादा शाळेतल्या तोमोकडून चेंडू टाकून घ्यायचे ते निघालं. पोराने दहा नीट टाकले की हेच म्हणायचे, पुरे, चल बर्फ खाऊ. तेव्हाच ढिलेपणा शिकवला, असं सर्वानुमते ठरलं. वन्सं, दादांना जाऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत माझ्यासमोर त्यांचं नाव घेताना लोक आवाज खाली आणायचे, आजारी माणसाच्या खोलीत आल्यासारखे. आता तेच लोक टॉवेल खांद्यावर टाकून त्यांना मोठमोठ्याने नावं ठेवत होते. म्हणून मी वाद घातला नाही. मी चहा करत राहिले आणि तुम्हाला कार्डावर कळवलं की तोमो पुढे असला की ढिला पडतो, मामासारखा. तुम्ही ते वाचून पोराला खरमरीत पत्र धाडलंत, हे मला नंतर कळलं.

आता मंगळवार. हौद पुरता घासून मी बाहेर आले आणि टीव्हीजवळ बसून टॉवेलांच्या घड्या घालायला लागले. सामना रंगात होता आणि मंडळी भांडणात. सहज चाळा म्हणून मी तोमोच्या प्रत्येक चेंडूला एक टॉवेल ठेवत गेले. स्ट्राइक झाला की उजवीकडे, बॉल झाला की डावीकडे. उजवीकडे दोन झाले, डावीकडे एक. पोरगा पुढे. मी वर बघितलं तर पडद्यावर 'एक-दोन'. ओतोकी म्हणाली, "गेला बिचारा." मला वाटलं, माझाच टॉवेल चुकला. पुढच्या फलंदाजाला पुन्हा मांडले. डावीकडे दोन, उजवीकडे एक, पोरगा अडचणीत. पडद्यावर 'दोन-एक', आणि कप्तान टाळ्या वाजवत होते.

मी म्हटलं, "कप्तान, हे लोक आधी बॉल सांगतात."

"कोण लोक?"

"अमेरिकावाले. आपण आकडा उलटा वाचतोय. एप्रिलपासून."

"वहिनी, चाळीस वर्षं होडी चालवली मी. डावं-उजवं मला शिकवू नका."

"होडी चालवलीत म्हणूनच तर सवय आहे," ओतोकी म्हणाली. "धक्का दिसला की उलट फिरवायची."

मग आम्ही सगळ्यांनी पुढचा फलंदाज टॉवेलांवर बघितला. त्याच्यानंतरचाही. शेवटी कुराताने टॉवेल तोंडावर ओढला आणि आतून म्हणाला, "म्हणजे पोराच्या गळ्यापर्यंत पाणी आलं की आपण टाळ्या वाजवत होतो." कप्तान उठले, बाहेर जाऊन बंदराकडे बघून आले, आणि म्हणाले की हा आकडा असा लिहिणाऱ्या देशात होडी चालवणं फार धोक्याचं असेल. ओशोंना सांगायची जबाबदारी कुणीच घेतली नाही. प्रवचन तसंच राहणार आहे, ते चांगलं आहे.

तर वन्सं, आता टॉवेलांवर मोजलेलं मत लिहिते. तोमो पुढे असला की फलंदाजाला घरी पाठवतो आणि मागे पडला की मार खातो, जसं कुठल्याही चेंडू टाकणाऱ्याचं होतं, न्हाव्याचं होतं, न्हाणीघरवालीचं होतं. त्याच्या स्वभावात खोट नाही. दादांनी त्याला काही वाईट शिकवलं नाही. पाच जिंकले, चार हरले. थोर नाही, वाईट नाही. तिकडचा चेंडू जरा मोठा आणि निसरडा आहे म्हणतात, आणि पहिल्या महिन्यात तो पुन्हा पुन्हा हाताकडे बघायचा, जसं हातानेच काहीतरी लपवलं आहे. आता बघत नाही. एप्रिलमध्ये त्याचा चेंडू एका आडदांड माणसाच्या बरगडीत बसला. तिकडे असं झालं की मारामारी होते. तो माणूस बॅट टाकून तोमोवर निघाला, आणि आपला तोमो टोपी काढून कमरेत वाकला, जसं इथे सगळेच वाकतात. तो माणूस वाटेतच थांबला. त्याने टोपीत डोकावून बघितलं, आत काय आहे म्हणून, आणि परत गेला. मंगळवारी पुन्हा एकाला चेंडू लागला. तोमो पुन्हा वाकला, आणि या खेपेला त्या माणसानेही हेल्मेटला हात लावला. यावरून जमतंय की नाही ते तुम्हीच ठरवा. मी म्हणेन, जमतंय. त्याला राहू द्या.

यजमानांना नमस्कार. त्या क्लबच्या गृहस्थांचं खरबूज खाऊन टाका. खाल्लं म्हणून पोरगं द्यावं लागत नाही.

तुमची वहिनी,
सेत्सु

ता.क. पाकीट चिकटवण्याआधी वरचं सगळं वाचून बघितलं, आणि एक गोष्ट लिहिलीच नाही असं दिसलं. हौद आम्ही दोघं मिळून घासायचो. मी बायकांच्या बाजूला, तुमचे दादा पुरुषांच्या, आणि मधली भिंत छतापर्यंत जात नाही, म्हणून बोलणं वरून जायचं. काय बोलायचो ते आठवत नाही, भाजीचं, भट्टीच्या लाकडांचं. आता दोन्ही बाजू मीच घासते. तोमो तिकडे आहे म्हणून सामने सकाळी असतात, आणि सकाळी माझ्याकडे चार माणसं भांडतात. तो परत आला तर सामने संध्याकाळी होतील. संध्याकाळी मी गल्ल्यावर असते आणि तेव्हा आवाज हवा तेवढा असतो. 'राहू द्या' या माझ्या मतात तोमोचं किती आणि माझ्या सकाळचं किती, हे मला टॉवेल मांडूनही कळलं नाही. तेवढं वजा करून वाचा. आणि बोलवायचंच ठरलं, तर मला आधी कळवा, कप्तानांना नको. मला तयारीला थोडे दिवस लागतील. एवढंच मागायचं होतं.

ता.क. दुसरं, दुसऱ्या दिवशी. काल टपाल निघून गेलं होतं, म्हणून पत्र घरीच राहिलं. रात्री विचार केला की खरबूजवाल्याने ठरवलं, कप्तानांनी ठरवलं, ओशोंनी ठरवलं, मी टॉवेलांवर ठरवलं, आता तुम्ही ठरवणार. म्हणून आज सकाळी मी तोमोला फोन केला. मी त्याला कधी फोन करत नाही, त्यामुळे उचलल्याबरोबर तो म्हणाला, "मामी? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. जेवलास का?"

जेवला होता. मग त्यानेच विचारलं, "मामी, मी पुढे असलो की ढिला पडतो का? आईने लिहिलंय. मी प्रशिक्षकांना सांगितलं, त्यांनी सगळे सामने पुन्हा काढून बघितले. त्यांना काही सापडेना."

मी म्हटलं, सापडणार नाही, ती खोट इकडे न्हाणीघरात आहे, आणि आकड्याचं सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला धाप लागली. हसून झाल्यावर मी विचारलं, "तुला काय पाहिजे?" तो आधी पाणी प्यायला. मग म्हणाला, "इथेच राहायचंय मामी. मार खाल्ला तरी. पण आईला सांगू नका. ती आधीच एकटी शिडीवर चढते."

सांगणार नाही, असं मी त्याला वचन दिलं. फोन ठेवला, आणि हे लिहायला बसले.