हिरव्या चिंधीचा तोडा

आई, दुपारी स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय. समोर एक बाटली आहे, तिच्यात तुझ्या बागेची द्राक्षं आहेत आणि ती दारू आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल. तू असतीस तर बाटलीकडे न बघता उठून चहा ठेवला असतास आणि चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली असतीस. आता बारा वर्षं तू काहीच बोललेली नाहीस, तेव्हा हेही खपून जाईल.

पांढऱ्या द्राक्षांचीच आहे, पण रंग पातळ कोऱ्या चहासारखा. करणारा नाशिककडचा, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. पांढऱ्या वाइनला म्हणे रस काढून साली फेकून देतात. हा सालींसकट आंबू देतो, दोन-तीन आठवडे, म्हणून तो रंग आणि जिभेवर थोडा तुरटपणा. बागेत रासायनिक काही नाही, सेंद्रियचा कागद आहे. आणि जेवढ्या जाती आहेत तेवढ्या सगळ्या एकाच दिवशी तोडून एकाच टाकीत. लोकांना याचंच कौतुक. पुण्याहून गाड्या करून येतात, चहूकडे ऊस आणि मध्येच ही बाग बघून चकित होतात, बांधावर उभं राहून पेला हलवतात, हुंगतात. विचारतात, ही सरमिसळ लागवड कुणाची? मी म्हणतो, आईची. इथपर्यंत खरं आहे. मग विचारतात, सगळं एकदम तोडायची पद्धतही त्यांचीच का? मी म्हणतो, हो.

लागवड तुझीच. दुसऱ्यांच्या बागेत छाटणीला जायचीस आणि येताना काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायचीस. आज थॉमसन, उद्या भोकरी, कधी नावच माहीत नसलेलं काहीतरी. जिथे जागा दिसेल तिथे कलम. मी तेव्हा साखर कारखान्याच्या ऑफिसात. सुट्टीला यायचो, जेवायचो, परत जायचो. बागेतलं मी काही विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

तू गेल्यावर बाग शेजाऱ्याकडे वाट्याने होती. मी रिटायर होऊन आलो आणि सेंद्रियच्या मागे लागलो. तपासणीला माणूस येणार होता, बागेत प्लास्टिक-नायलॉन दिसता कामा नये असं कुणीतरी सांगितलं. आणि इथे तर प्रत्येक खोडाला तुझ्या जुन्या नायलॉनच्या साड्यांच्या चिंध्या. लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या. मला वाटायचं, पाखरं उडवायला बांधल्यात. दोन दिवस वाकून वाकून सगळ्या कापल्या, बांधावर ढीग केला आणि पेटवला. सेंद्रियच्या नावाने नायलॉन जाळताना मला काहीसुद्धा वाटलं नाही. तपासणारा म्हणाला, बाग फार स्वच्छ ठेवलीय. मी खूश.

पहिल्या तोडणीला तुझ्याबरोबर कामाला यायची ती मावशी आली. पाटी खाली ठेवून ती या झाडापासून त्या झाडापर्यंत नुसतीच फिरत राहिली.

"चिंध्या कुटं गेल्या रं?"

"जाळल्या. का?"

तिने एका मोकळ्या खोडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आरं, तुज्या आईनं तोडणीचे चार तोडे लावले हुते, एका रंगाला एक पाळी. कंचं झाड कवा गोड हुतं ते तिला ठावं. एकाच जातीची झाडं बी एकदम पिकत न्हाईत. ती सांगायची, आज लाल चिंधीची, की आमी लाल चिंधीची तोडायचो. आता म्या काय सांगू?"

बायका एका दिवसापुरत्याच मिळाल्या होत्या. मी म्हणालो, सगळं एकदम तोडा. आंबट, गोड, अर्धं कच्चं, सगळं. ते दुसरं कुणी घेईना म्हणून वाइनवाल्याकडे गेलं. आणि वाइन चांगली झाली, हेच माझं दुखणं आहे. बिघडली असती तर कुणी काही विचारलं नसतं. मी थकलोय, आई. कामाने नाही, हो म्हणून म्हणून.

तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. श्रीरामपूरहून मामाचं पत्र आलं की तू चुलीपुढे बसायचीस आणि मी वाचायचो. चौथीत होतो. एका पत्रात आजी ओट्यावरून पडल्याची ओळ होती. तू रडशील म्हणून मी ती गाळली. आठ दिवसांनी मामाच आला आणि सगळं बाहेर आलं. तू मारलं नाहीस. भाकरी थापता थापता म्हणालीस, "वाचता येतं म्हून गाळशील व्हय? आलेलं समदं वाचायचं. रडायचं का न्हाई, ते माजं मी बगीन."

आज सकाळी वाइनवाल्याने मोबाईलवर नव्या लेबलचा मजकूर पाठवला. 'आईने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे, सर्व जाती एकाच दिवशी तोडून.' संध्याकाळपर्यंत हो कळवा, छपाई थांबलीय. मोबाईल खिशात टाकून मी बागेत गेलो. मधल्या ओळीतल्या एका खोडाची साल सुटली होती, तिच्याखाली बोटभर चिंधी दिसली. लाकडातच रुतलेली, म्हणून माझ्या विळ्यातून वाचलेली. हिरवी. साडी लगेच ओळखली. मी नोकरीवर रुजू व्हायला निघालो तेव्हा तू हीच नेसून डबा घेऊन स्टँडवर आली होतीस. साडी आठवली, पण हिरवी म्हणजे पहिला तोडा की शेवटचा, ते मला माहीत नाही. मावशीही गेल्या वर्षी गेली, आणि शेजाऱ्याने चिंध्या कधी मनावर घेतल्याच नव्हत्या. आता सांगणारं कुणी नाही.

वाइनवाल्याला कळवलं, आईची ओळ काढा. त्याने विचारलं, का? मी म्हणालो, अक्षरं फार बारीक होतायत. त्याला पटलं.

हा कागद बाटलीखाली दडपून ठेवणार आहे, पाठवायचा तरी कुठे. आणि तू असतीस तरी मलाच वाचून दाखवावा लागला असता. चुलीपुढे बसून तू ऐकलं असतंस, आणि चिंध्यांपाशी आल्यावर ती ओळ मी गाळली असती.